गाडी सुरू न करणारी बॅटरी

प्रिय ठमे,

बॅटरी कशी निवडायची याची तुझी यादी मिळाली होती. गाडीच्या मॉडेलप्रमाणे नंबर बघ, प्लसचं टोक कुठल्या बाजूला आहे ते बघ, बनवल्याचा महिना बघ, सहा महिन्यांहून जुनी असेल तर हात लावू नकोस, गॅरंटी कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नकोस. वाचून हसूच आलं. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेल्या माणसाच्या बायकोला तू हे शिकवतेस! पण शिकवलंस ते बरोबर होतं, आणि सगळं तसंच बघून घेतलं असं मी फोनवर तुला सांगितलं. ते खोटं होतं.

तुझे बाबा गाडी घेऊन गेले त्या दिवसाचंही मी तुला अर्धंच सांगितलं. ते रस्ता चुकले, एवढंच म्हणाले होते ना मी? ते उलट्या बाजूने गेले, आणि शाळेतून येणाऱ्या एका मुलीची सायकल चाकाखाली आली. तिने उडी मारली म्हणून गुडघ्यावर निभावलं. तिची आई ओरडत होती आणि बाबा बॉनेट उघडून तिला समजावत होते की हॉर्नची वायर ढिली झालीय. घरी आल्यावर मी किल्ली लपवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायरी जोडून गाडी सुरू केली. सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण कुठली वायर कुठे लावायची ते त्यांचे हात विसरत नाहीत. मग मी बॅटरीची तार काढून ठेवली. त्यांनी ती घासूनपुसून, व्हॅसलीन लावून परत बसवली आणि वर मलाच ऐकवलं, की या घरात कुणाला कामाचं वळण म्हणून नाही.

गाडी काढून टाक, असं म्हणशील. शेजाऱ्यांच्या आवारात दोन दिवस लावून बघितली. दोन दिवस ते जेवले नाहीत, गल्लीबोळ पालथे घातले, आणि शेवटी रिकाम्या जागेपाशी उभं राहून रडले. तुझी आजी गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी गाडी परत आणली.

मग लंबूच्या दुकानात गेले. बाबांच्या हाताखाली शिकला तो लंबू, आता त्याचं स्वतःचं बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि डोक्यावर लख्ख टक्कल. त्याला म्हटलं, अशी बॅटरी दे की दिवे लागतील, रेडिओ वाजेल, पण गाडी सुरू होणार नाही. तो बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत बसला. ज्याने धंदा शिकवला त्यालाच फसवायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्याने मोठ्या बॅटरीची रिकामी पेटी घेतली, आत स्कूटरची इवलीशी बॅटरी बसवली, तारा टोकांना जोडल्या आणि झाकण चिकटवून टाकलं. वर नंबर बरोबर, प्लस बरोबर बाजूला, महिना ताजा. तुझ्या यादीत ती पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झाली असती.

पाच आठवडे सुरळीत गेले. सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं वरखाली लावून बाबा गाडीत जाऊन बसायचे. किल्ली फिरवली की नुसती टिकटिक. आज उतरलेली दिसतेय, म्हणायचे. मी म्हणायचे, चार्जिंगला लावते, उद्या होईल. मग रेडिओ लावून बसायचे. कधी मीही शेजारी बसायचे. एवढं निवांत आम्ही उभ्या जन्मात बसलो नव्हतो. पण मजेत होते असं समजू नकोस. रोज मी त्यांना फसवत होते, रोज ते माझ्यावर विश्वास ठेवत होते, आणि मला माझी लाज वाटत होती.

परवा दुपारी भांडी आवरून बाहेर आले तर बॉनेट उघडं. बाबांनी बॅटरी बाहेर काढून दोन्ही हातांत धरली होती आणि वरखाली करून तिचं वजन बघत होते. म्हटलं, चोरी पकडली गेली. पण खरं सांगू, आतून आनंदही झाला. वाटलं, हे ओळखलं म्हणजे माणूस अजून शिल्लक आहे. आता माझ्यावर खेकसतील, मी सगळं कबूल करीन, आणि एकदा का होईना आमचं जुन्यासारखं कडाक्याचं भांडण होईल. त्यांनी बॅटरी पायरीवर ठेवली, हात पुसले आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही तुमच्या गाडीची बॅटरी नाही. पुढच्या वेळी मिस्टरांना बरोबर घेऊन या."

मी बरं म्हटलं.

तेव्हापासून मी ताईच आहे. फार अदबीने वागतात गं. पान वाढलं की म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेतलात. डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेलं परत येणार नाही, आणखी जाईल. तू आलीस तर तुला ओळखतील, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून झालं तेवढं पुष्कळ झालं. त्यांच्यासाठी ये म्हणून हे लिहीत नाहीये, माझ्यासाठी ये. चार दिवस राहा आणि मला आई म्हणून हाक मार. या घरात मला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुझीच,
आई