ओठांवरचं बोलणं

बाबा, गेल्या महिन्यात कंपनीने मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. मागावर धागा तुटला की यंत्र आपोआप थांबवणारे सेन्सर बसवणं हे माझं काम. तुम्ही मागावर तुटलेला धागा नुसत्या डोळ्यांनी टिपायचात. गाव शहापूरपेक्षाही लहान होतं. कधीकाळी तिथे नुसत्या कापडगिरण्या होत्या. आता एक चिमणी उरली आहे, धूर नसलेली. बाकीच्या गिरण्यांत लोक राहतात, एकीत गालिच्यांचं दुकान आहे. पण एक विणाई खातं त्यांनी जसंच्या तसं ठेवलंय आणि दिवसातून दोनदा पाहुण्यांसाठी माग चालू करतात. मुरबाडला तुमच्या कारखान्यातले माग भंगारात गेले, तेव्हा ट्रक भरताना मी पाहिला होता. त्या दिवशी मला काही वाटलं नव्हतं. तिथे काचेखाली पुसून ठेवलेला, आडवा धागा नेणारा धोटा पाहिला आणि जीव जळला. यांचंच का म्हणून जपलं जावं?

माग सुरू झाले. मी फोनवर आवाज मोजला, अठ्ठ्याण्णव डेसिबल. त्या आवाजात माहिती सांगणारी म्हातारी, एका विणकराची मुलगी, खात्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मैत्रिणीशी बोलू लागली. आवाज न काढता, नुसते ओठ ताणून हलवत. दोघी हसल्या, आणि मला मुरबाडचा एसटी स्टँड दिसला.

तुमची पाळी सुटली आहे. मी दप्तर घेऊन तुमच्या शेजारी उभी. रस्त्यापलीकडे किन्हवलीच्या गाडीपाशी काका, तुमच्या बाजूच्या मागावरचे. मध्ये टेम्पो, रिक्षा, हॉर्न. तुम्ही ओठ हलवता, ते ओठ हलवतात, आणि दोघं पोट धरून हसता. मी विचारते, "काय बोलले काका?"

"काय नाय गो. खात्यातलं."

रोज हेच. एकदा काका रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "काय गो, बापावर पाळत ठेवतेस? घाबरू नको, मी नाय पळवत त्याला!" तुम्ही पुन्हा हसलात. मी दहा वर्षांची होते. काकांची गाडी चुकावी असं मला रोज वाटायचं.

घरी तुम्ही इतके हसत नव्हतात. आई भाकऱ्या थापायची, मी तिच्याकडे तोंड करून शाळेतलं सगळं सांगायचे आणि तुम्ही मागून खेकसायचात, "तोंड हिकडं कर नं बोल!" मला ती उद्धटपणाबद्दलची ताकीद वाटायची. मग मी मुद्दाम वळायचे नाही. उरलेलं सगळं चुलीला सांगायचे. त्या म्हातारीसमोर कानात बोळे घालून उभी असताना मला कळलं, की मागांनी तुमचे कान नेले होते आणि तुम्ही माझे ओठ शोधत होतात. रोज मागांच्या आवाजात काम करणाऱ्या मला हे कळायला विलायतेला जावं लागलं.

माग थांबल्यावर म्हातारीने सांगितलं की तिच्या वडिलांनी तिला हे बोलणं स्वयंपाकघरात शिकवलं. शेवटी त्यांच्या घशात नळी होती, तरी दोघं दुपारभर बोलत होती. "काय बोलले?" मी विचारलं. "पेपर बंद कर म्हणाले. आणि तुझ्या काकाला शिडी देऊ नकोस, तो परत करत नाही." ती हसत होती. मला तिचा राग आला. पेपर आणि शिडी! तिच्याकडे अख्खी दुपार होती.

शेवटी हॉस्पिटलात तुमच्याही घशात नळी होती. तुम्ही माझ्याकडे बघून काहीतरी बोललात. मी वाकले आणि कान तुमच्या तोंडाशी नेला. डोळे न्यायचे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दुसऱ्यांदा बोललात, मी दुसऱ्यांदा कान नेला. मग तुम्ही माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलंत. दारात काका होते. त्यांनी वाचलं, मान हलवली. "हो रे, सांगतो तिला."

बाहेर, बाकड्यापाशी ते म्हणाले, "तुझा बा काय बोलला, सांगू काय गो?"

मी म्हणाले, "नको, काका. मला कळलं."

त्याला अकरा वर्षं झाली. मी आता शहापूरला राहते. इथून किन्हवलीला एसटी आहे. आई म्हणाली, काकांनाही आता काय ऐकू येत नाय, जाऊन ये एकदा. रविवारी गेले. त्यांच्या पडवीत उजेडाकडे तोंड करून बसले, ओठ नीट हलवून भाताचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. त्यांना प्रत्येक शब्द कळला. "शिकलीस की गो!" म्हणाले. चहा झाला, परतीची गाडी आली.

ते एक विचारलं नाही. मला कळलं नव्हतं, बाबा. मी खोटं बोलले होते. माझ्यासाठीचं तुमचं वाक्य अजून काकांकडेच आहे आणि ते त्यांच्या ओठांवर पाहणं मला अजूनही सहन होणार नाही.