बिबट्या आला म्हणून

८ नोव्हेंबर २०२५, सायं. ६.४०
विहिरीवरच्या मोटारीच्या लाईटचं वेळापत्रक वहीत उतरवत होतो. आत अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सोनालीला ठिबकच्या पाईपने मारलं. माझी बहीण, दहावीला. कारण: सहामाहीत गणितात ११. सात फटके. मी मोजले. हे माझं शौर्य.
शेजारच्या तात्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.
अण्णा गावाच्या तंटामुक्ती समितीत आहेत. लोकांची भांडणं मिटवतात.

१० नोव्हें.
सो. तिसऱ्या दिवशीही जेवली नाही. शाळा नाही. भिंतीकडे तोंड. आई म्हणते, वयच तसं असतं. आईचंही तेच वय वीस वर्षं चालू असावं.
सो. म्हणाली, "दादा, सकाळ झालीच नाय तर बरं व्हईल."
फवारणीची औषधं घरातून काढून पंपाच्या खोलीत ठेवली. कुलूप. किल्ली माझ्याकडे.

११ नोव्हें., सायं. ७.१५
न जेवणं म्हणजे माज, म्हणून अण्णांनी पुन्हा पाईप उचलला. मधे पडायची माझी छाती नाही. अंगणात जाऊन "बिबट्या, बिबट्या" ओरडलो.
पाच मिनिटांत सगळी वस्ती. काठ्या, बॅटऱ्या, डबे बडवत. सो. तीन वर्षं ओरडतेय, एक दार उघडलं नाही.
अण्णा दारात, हातात पाईप. मागे सो., दंडावर वळ.
तात्या म्हणाले, "अण्णा, पाईप कशाला वो?"
"बिबट्याला."
सगळे समाधानाने हसले. वर धाडसाचं कौतुक. लई मर्द गडी म्हणे.
वस्तीवरची आशा सेविका सुनंदा तेवढी हसली नाही. आत गेली, दंड बघितला. म्हणाली, "उद्या तालुक्याला नेते हिला. कोणाला इचारत नाय मी."

१२ नोव्हें.
सकाळी वनखात्याची माणसं. ठसे नाहीत, तरी पिंजरा लावून गेले, आत शेळी. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.
दुपारी दवाखाना. मनाच्या डॉक्टर बाई. सो. अर्धा तास एकटी बोलली. गोळ्या दिल्या, एकटी सोडू नका म्हणाल्या. मंगळवारी वडिलांना आणा. अण्णांविरुद्ध पोलिसांत तक्रार करायची का, हे मला विचारलं. विचारून सांगतो म्हणालो. कोणाला विचारणार होतो?

१८ नोव्हें., मंगळवार, स. ८.१०
निरोप दिला तर अण्णा आनंदाने तयार. इस्त्रीची टोपी. "डॉक्टरीणबाईला मीच समजावतो." समितीच्या बैठकीला निघाल्यासारखे.
सो. चपला घालून उंबऱ्यात. हळूच म्हणाली, "दादा, गाडीवर मधी तू बस."
तक्रारीचं बाईंना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. हॉर्न वाजतोय.