पालेगावची म्हैस

अंबरनाथ, शुक्रवार, १२ मार्च १९५४

या गुरांच्या दवाखान्यात शिकायला आल्यापासून डॉक्टरांनी आज पहिल्यांदाच मला एकट्याला जनावर तपासू दिलं. केवढा खूश होतो मी!

पालेगावच्या सखूबाईंची म्हैस लाळ गाळत होती. घशात काही अडकलं असेल म्हणून मी तोंडात कोपरापर्यंत हात घातला.

"हात काढ!" मागून आलेले डॉक्टर ओरडले. "बाई, हिला कुत्रा चावला होता?"

"हो, मैन्याआधी. मी पन सकाली हात घालून बगला."

म्हैस पिसाळली आहे, वाचणार नाही. माझ्या बोटावर ओरखडा आहे. सखूबाईंच्याही. उद्यापासून दोघांना पोटात इंजेक्शनं.

"सुई घ्यायला येते मी," सखूबाई म्हणाल्या, "पन म्हशीला पानी कोन दावंल?"

डॉक्टर सखूबाईंचा हात साबणाने धूतच राहिले.