डावीकडचे फूल

शके १९१८ (इ.स. १९९६), चैत्र व. ४
जपात पुन्हा खंड. निडी गावापलीकडच्या देवीच्या राईत आज धनेश आला, चोचीत उंबर. जिथे बेहडा होता त्या रिकाम्या जागी घिरट्या घातल्या, फळ घेऊन परतला. गतवर्षी याच सुमारास सभामंडपाच्या खांबांसाठी बेहडा तोडला. ढोलीचे तोंड लिंपून आत त्याची मादी अंड्यांवर बसली होती. झाड पडल्यावर कळले.

चैत्र व. ९
महादू गुरव अष्टमीस घरी आला. "भटजी, गावाचं ठरलंय. राई बंद. कुऱ्हाड नाय, गुरं नाय, काटकीबी उचलायची नाय. अक्षय्यतृतीयेला कौल लावू. सांगायला तुमीच." हो म्हटले. नंतर संध्या चुकली.

चैत्र अमा.
लिहूनच टाकतो. कौलास देवीच्या अंगी दोन फुले लावतात. तिचे उजवे पडले तर होकार, डावे तर नकार. तोडीच्या वेळी डावे पडले. मी शास्त्रार्थ केला : देवी आपल्यासमोर, तिचे डावे ते आपले उजवे, विचारणारे आपण, सबब होकार. चाळीस वर्षांत असा अर्थ कधी लावला नव्हता. त्या मंडपात माझे पारायण व्हायचे होते...

वैशाख शु. १
सांगितले, तर माझ्या शब्दावर ठरलेली लग्ने, वाटण्या, सारेच संशयात. न सांगावे, तर नवा कौल याच जिभेने सांगायचा? शांतिपाठात 'वनस्पतयः' उच्चारताना ती अडते.

वैशाख शु. ३
फुले लावण्यापूर्वी सांगितले. मग महादूची आई : "आमाला काय डोळं नव्हते? डावंच पडलं व्हतं. मंडप आमालाबी हवा व्हता, म्हून गप ऱ्हायलो."
मागून कोणी, "भटजी, आज देवीचं तोंड कुठं हाय, तेवढं आधी सांगा!" हशा. मान वर झाली नाही.
कौल लागलाच नाही. म्हातारी म्हणाली, "राखायला कशाला इचारायचं? इचारायचं ते तोडताना." मग मजकडे वळून, "मृगात रोपं लावू. तवर रोज येऊन राईत बसा. बोलायचं मातुर नाय."

वैशाख शु. ४
बसलो. पाठ ओठांवर आला, तो गिळला. माध्यान्ही पाचोळ्यात चाहूल. अगदी पाठीशी येऊन थांबली. देवी असेल, तर आता तिचे डावे तेच माझे डावे. वळून पाहण्याचा धीर झाला नाही.