कार्ड उठत नाही

३ मार्च, सोमवार
परत तेच! एकच मोठा सर्व्हर, त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चार आभासी संगणक, आणि वाटून घ्यायला चित्रं नि जड गणितं ओढणारी ग्राफिक्स कार्डं दोनच. सकाळी इस्पितळाचे डॉक्टर रोग्यांचे स्कॅन बघून आपलं मशीन बंद करतात. मग तेच कार्ड दरडींचा अभ्यास करणाऱ्या बाईंच्या मशीनला द्यायचं — की ते ढिम्म! रीसेट पाठवला. हूं नाही की चूं नाही. शेवटी अख्खा सर्व्हर बंद करून चालू केला. म्हणजे दुसऱ्या कार्डावर चाललेलं कामही पाण्यात.

"बंद-चालू करायला पगार देतो का तुला?" — साहेब. हल्ली सरळ बोलतच नाहीत.

४ मार्च
कंटाळा आलाय.

६ मार्च, गुरुवार
आज बाई स्वतः खाली आल्या. ओरडतील म्हणून मी तयारीत. तर खुर्ची ओढून बसल्या. "अगं, पुन्हा रखडलं माझं गणित. दरड कुठून सुटेल ते काढतेय मी. त्या उताराखाली लोक राहतात गं."
ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

जेवताना नवरा म्हणाला, "ताटावर तरी घरी ये." घरीच तर होते! — नव्हते म्हणा.

१० मार्च, सोमवार
सापडलं!! कार्डाचे दोन भाग — एक चित्राचा, एक आवाजाचा. चित्राचा मी व्हर्च्युअल मशीनला देत होते, आवाजाचा मात्र सर्व्हरनेच धरून ठेवलेला. त्या पंख्यांच्या घरघरीत कोणाला ऐकायचाय आवाज! पण एक भाग अडकला की रीसेट अर्धवटच होतो. दोन्ही एकदम सोडले, एकदम दिले. उठलं! पुन्हा करून पाहिलं. उठलं! उड्या मारायला हव्या होत्या. टेबलावर डोकं टेकून बसले.

सासूबाई म्हणाल्या, "आज जरा माणसात दिसतेस."

१२ मार्च
साहेबांना दाखवलं. "बरं." एवढंच! आणि अर्धी रजा टाकून चालते झाले. एक शाब्बास म्हटलं असतं तर जीभ झिजली असती?

१३ मार्च, गुरुवार
बाईंचं गणित पुरं झालं. उताराखालच्या लोकांना आता हलवणार आहेत. बाईंनी मिठीच मारली मला!

दुपारी त्यांचाच फोन. "लवकर वर ये. हे माझं नाही." त्यांचं मशीन सुरू होता होता पडद्यावर राखाडी चित्र उमटून तसंच थिजलेलं. माणसाच्या डोक्याचा स्कॅन. डॉक्टरांनी सकाळी पाहिलेला! म्हणजे कार्ड उठतं, पण विसरत नाही. रीसेट झालं की पाटी कोरी, असं मी धरूनच चालले होते.

बाई चष्मा काढून, तोंड फिरवून बसलेल्या. "मी काही वाचलं नाही हं."

कोपऱ्यात नाव होतं. मी वाचलं.

दोन्ही कार्डं वाटपातून काढली. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कार्डाची मेमरी पुसली जाईल अशी सोय होईपर्यंत कोणालाही देणार नाही. ओरडोत.

१४ मार्च
ते नाव साहेबांचं. आणि कार्डं का काढली, हे त्यांनाच सांगायचं होतं.
सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी.
"काय काय पाहिलंस?"
"नाव. आणि — चित्र."
खुर्चीत टेकले. मग, अगदी हळू, "घरी अजून सांगितलेलं नाही गं. कसं सांगतात?"