नव्या फोनचं घोडं कुठे अडलं?

लाडक्या भाच्या,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल, जेवण वेळेवर होत असेल (नसेलच) असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरतात. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे मीच त्यांचं ऐकून घेते.

माझा फोन बंद पडल्याचं शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी तुला कळवलं, आणि त्यांच्याच फोनवर तुझा निरोप आला, की नवा फोन बाजारात आला की मी स्वतः घेऊन येतो आणि मावशीला शिकवूनच परत जातो. झालं! तेव्हापासून मी त्या कंपनीच्या हात धुऊन मागे लागले आहे. तारीख तीनदा पुढे गेली. मोबाइलवाल्या दुकानदाराला रोज सकाळी विचारते. आधी तो बसायला स्टूल द्यायचा, आता मला पाहिलं की स्टुलावर खोकी ठेवतो. त्याच्या मते आतला कुठलासा भाग मिळत नाहीये. शिवणवाल्या बाई म्हणतात, कॅमेऱ्यात माणसं आहेत तशीच दिसत असणार, म्हणून अडवलाय. मला दोन्ही पटत नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले मी. माझी खात्री आहे, की त्यांनी फोनमध्ये जगातलं सगळं कोंबलं आणि बोलायची सोय घालायची राहिली. (हे मी भर दुकानात सांगितलं. दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. खोकी त्यानंतरची.)

प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी तुझ्या पलंगावरची चादर बदलते. तीन वेळा न वापरलेली चादर धुतली. तिसऱ्यांदा वाळत घालताना रडू आलं रे. फार एकटं वाटतं.

तुझी,
मावशी

ता. क. : तारीख चौथ्यांदा पुढे गेली, असं दुकानदार आत्ताच दारातून ओरडून गेला. तू थांबू नकोस, रिकाम्या हाताने ये.

आणखी एक ता. क. : माझा फोन बिघडलेला नाही. चालू असला की तू "बरी आहेस ना?" एवढं विचारतोस, मी "बरी आहे" म्हणते, आणि तुझं येणं राहून जातं. परवा उगाच लावून पाहिलास ना, तेव्हा तो माझ्या मांडीवरच वाजत होता. थांबेपर्यंत बघत बसले. आता लावलास तर उचलेन. फक्त "मग आता यायची घाई नाही" असं म्हणू नकोस.