गाठीचा चार

बुधवार, तारीख ४, दुपार

प्रिय साहेबीणबाई, म्हणजे आमची शेंबडी,

आईचं पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघे तेवढे सासूसारखे दिवसभर कुरकुरतात. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? थोडक्यात सांग म्हणतेस, आणि हे थोडक्यात सांगण्यातलं नाही. पंपदुरुस्तीची गाडी उद्या तुमच्या ऑफिसकडे निघतेय, तिच्या ड्रायव्हरकडे हे देते. परवा, शुक्रवारी, तुझ्या हातात पडेल. तुझी सही सोमवारी आहे, हे त्याला तीनदा बजावलंय. तो म्हणाला, काकू, एवढं आहे तरी काय पाकिटात? म्हटलं, माझं लग्न ठरतंय.

मागच्या खेपेला तू जेवणाच्या टेबलावर पाच पेले मांडून मला तुझी पाइपलाइन समजावलीस. एकच लांबलचक नळ, वाटेवर पाच ठाणी, ठाण्यागणिक पंप, एकामागे एक. पहिला ढकलेल तेवढंच तेल पाचव्यातून जाणार, ठाण्यागणिक नवा मिळतो तो फक्त जोर. पहिल्याचा जोर वाटेत घासून संपत आला की दुसरा हात देतो, दुसऱ्याचा संपत आला की तिसरा. मी म्हटलं, संसारासारखंच की. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस. बरं बाई. पण एक गोष्ट मला तुझ्या पेल्यांच्या आधीपासून ठाऊक होती. मागच्याचा थोडा जोर पुढच्याच्या तोंडाशी शिल्लक पोचलाच पाहिजे, जोर दाखवणाऱ्या काट्यावर निदान दोन. नाही पोचला तर पंप उपाशीपोटी ओढतो आणि आत खडे रगडल्यासारखा आवाज येतो. खडे चावतोय, म्हणायचे तुझे बाबा. चार दिवस चावू दिले तर पातं कुरतडून जातं. क्वार्टरातल्या आपल्या स्वयंपाकघराची खिडकी पंपघराकडेच होती, त्यामुळे हा आवाज मला झोपेतही ओळखू येतो.

आता तुम्हाला तेल जास्त न्यायचंय, म्हणून नवे पंप. आमच्या तिसऱ्या ठाण्याच्या तोंडाशी कडक थंडीत, तेल घट्ट झालेलं असताना, चार असतात असं तू धरलंस. जास्त तेलापायी त्यातला एक घासून जाईल, उरतील तीन. लागतात दोन. म्हणजे दुसऱ्या ठाण्याचा पंप मोठा घ्यायला नको, आणि त्याच कागदावर तू सोमवारी सही करणार. आणि हे चार आणलेस कुठून, तर बाबांच्या रजिस्टरातून. तसले दोन हिवाळे परत कधी पडलेच नाहीत, म्हणून तुला नेमके तेच हवे होते. कपाटातून काढून मीच दिले. पानं उलटत तू म्हणालीस, बघ, रोज दुपारी बाराचा आकडा, अख्खी थंडी चार, असा ऑपरेटर या लाइनीवर झाला नाही. तुझे डोळे भरून आले. मी भांडी घासायला उठले. भांडी घासलेलीच होती.

तुझ्या कॉलेजची शेवटची दोन वर्षं आठव. सुट्टीला आलीस की बघायचीस, बाबा पेपर माझ्याकडून वाचून घ्यायचे. म्हातारपणी लाडात आलेत म्हणून चिडवायचीस. मी रोज बाराच्या आत डबा घेऊन पंपघरात जायचे आणि लवकर परत यायचे नाही, त्यावरूनही तू काय काय बोललीस. मी लाजलेसुद्धा. नाटक मला पहिल्यापासून येतं. मग तुझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट आलं. बाबांनी ते उलटं धरलं, त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, छान छापलंय. तू हसून गडाबडा लोळलीस. मीही हसले. ते हसले नव्हते, आठवतंय?

त्यांना दिसत नव्हतं गं. समोरच्याचा आकार कळायचा, चेहरा कळायचा नाही. ऑपरेटरचे डोळे गेले हे वर कळलं असतं तर नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं, आणि तुझं कॉलेज अर्ध्यावर. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. कान मात्र असे तिखट, की पंप खडे चावायला लागायच्या आधीच त्यांना कळायचं. पुढचा व्हॉल्व्ह जरासा आवळायचे, तेल कमी जायचं, पंप गप्प. त्या पंपाला त्यांनी दोन हिवाळे कानाने सांभाळलं. पण आकडा काही कानाला दिसत नाही.

काटा मी वाचायचे. पहिल्या थंडीत मी वाचलं, दीड. त्यांनी पंपाला कान लावला. मग म्हणाले, "चार लिही. दीड लिहिलंस तर साहेब काटा बघायला येतील आणि मलाच बघून जातील." मी लिहिले चार. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, दोन्ही हिवाळे. म्हणून हे पत्र. रजिस्टर काढून बघ. बाबांचा चार मोकळा असायचा, खाली सैल फास टाकलेला. मला गावच्या गुरुजींनी खाली आवळून गाठ मारायला शिकवलं. वर तारखेत एक काढलाय, तो शेजारी ठेव. मग दीडातून एक वजा कर, तेवढं तर मलाही येतं. अर्धा उरतो. सोमवारी सही करू नकोस, दुसऱ्या ठाण्याचा पंप मोठा घे. ऑफिसात काय सांगायचं ते सांग, बाबांचं नाव आलं तरी येऊ दे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची शपथ एकटीने वाहून मी दमले. ते रागावतील असं वाटत नाही. स्वतःचं नाव खराब झालेलं त्यांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. पंप उपाशी राहिलेला नसता चालवला.

तुझीच,
चौथी पास आई